पाचवी दाढ

भोरजाई तालुक्यातली चौथी दाढ ११ फेब्रुवारी २०४१ रोजी, सोमवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी जुळली. गिरिजा हुक्केरीनं वेळ नोंदवहीत लिहिली, यंत्राचं झाकण लावलं आणि शेजारच्या खोलीत सांगायला गेली.

"चार झाल्या, मॅडम."

शमीम काझी तालुक्याच्या आरोग्य अधिकारी होत्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "पहिली कधी जुळली होती?"

"गेल्या वर्षी, एक मार्चला."

"म्हणजे अठ्ठावीस फेब्रुवारीला वर्ष संपतं. पाचवी नाही मिळाली तर पुन्हा एकपासून."

"हो."

"गावात दहा वर्षांची एवढी पोरं आहेत," काझी म्हणाल्या, "एकाचीही दाढ हलत नाही का गं?"

गिरिजा नोंदवही आणायला वळली. तिच्या दहा वर्षांच्या मुलाची, विरूची, डावीकडची खालची दाढ आठवडाभर हलत होती.

दुधाचा दात एका दिवसात बनत नाही. मूल पोटात असल्यापासून तो थराथरानं वाढतो. जन्माच्या धक्क्याची एक ठळक रेघ त्यात उमटते आणि तिथून पुढे आठवडे मोजता येतात. ज्या आठवड्यात रक्तात जे होतं, ते त्या आठवड्याच्या थरात बसतं आणि तिथंच राहतं. दाताचा उभा काप घ्यायचा, त्यावर लेसरची केसाहून बारीक ठिणगी टिंबाटिंबानं चालवायची आणि प्रत्येक टिंबातून उडालेली वाफ मोजायची, एवढंच गिरिजाचं यंत्र करायचं. बेरियम चढलेलं दिसलं की त्या आठवड्यांत बाळ अंगावर पीत होतं. ते उतरलं की वरचं अन्न सुरू झालं. शिसं चढलेलं दिसलं की बाळाच्या पोटात विष जात होतं. आणि सगळं शिसं सारखं नसतं. ज्या खाणीतून ते निघालं तिची खूण त्याच्या अणूंच्या वजनात शिल्लक असते, त्यामुळे बॅटरीचं शिसं आणि रंगाचं शिसं वेगळं ओळखता येतं.

समोरचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण त्यांच्यात जन्मानंतरचे थोडेच आठवडे नीट वाचता येतात. दाढ दहाव्या-अकराव्या वर्षी पडते. तिच्यात पहिलं वर्ष पुरं असतं. म्हणून राज्यभरातल्या पाचवीच्या वर्गांत पत्र्याच्या छोट्या डब्या वाटल्या होत्या: दाढ पडली की डबीत घाला, बाईंकडे द्या.

नियम सरळ होता. एका तालुक्यात, एका वर्षात, एकाच खुणेच्या पाच दाढा जुळल्या तर त्या खुणेचा माल जिथून निघू शकतो अशी प्रत्येक जागा उघडून तपासता येत होती. पाचाखाली नाही. सुरुवातीला एका दाढेवर छापे पडले होते, कारखानदार कोर्टात गेले होते, आणि कोर्टानं पाचाची अट घातली होती.

चारही दाढांतलं शिसं पिवळ्या रंगाचं होतं. लोखंडी गेटला, ट्रकच्या पाटीला लावतात त्या पिवळ्या रंगाची भुकटी. चारही बाळांत ते जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू झालं होतं. रांगायला लागलेलं मूल भिंतीचे पोपडे खातं, हे गिरिजाला माहीत होतं. पण दोन आठवड्यांचं बाळ जागचं हलत नाही. ते कोणीतरी त्याच्या तोंडात घालतं.

मंगळवारी ती चौथ्या दाढेच्या घरी गेली. मुलीचं नाव मोहिनी लोहार. आई सुनंदा दारातच पायरीवर बसली होती. मांडीवर चार महिन्यांचं दुसरं बाळ होतं.

"मोहिनीनं मान कधी धरली?" गिरिजानं छापील तक्ता उघडला.

"आता आठवतंय व्हय ते? उशिराच. बसायला तर वर्ष झालं. सासू म्हणायची, जड आहे पोरगी, लक्ष्मी आहे." सुनंदा हसली. "आता दहा वर्षांची झाली, अजून शर्टाची बटणं लावताना रडती. दोरीवरच्या उड्या मारायला गेली की पोरी हसतात. डॉक्टर म्हणतात, काही सापडत नाही."

"पालथी कधी पडली?"

"बाई, पालथी पडली तेव्हा मी भजी तळली होती, एवढंच ध्यानात आहे."

बोलता बोलता तिनं बाळाच्या गुटीसाठी शेजारची सहाण पुढे ओढली. दुधाच्या चार थेंबांत वेखंडाचे दोन वेढे दिले, मुरुडशेंगेचा एक, जायफळाचा एक. मग हळकुंड उचललं. ते बोटाएवढं लांब होतं, गुळगुळीत, आणि इतकं पिवळं, की सावलीतही डोळ्यांत भरत होतं. सहाणेवर त्याची पिवळी रेघ उमटली.

गिरिजाचा पेन थांबला.

"हे कुठून आणता?"

"पेठेतून. कुठून म्हणजे? दुकानातून."

"आज नका देऊ."

"का?"

"सुनंदाताई, आज नका देऊ. हे हळकुंड मला द्या."

बुधवारी त्या हळकुंडाच्या सालीत शिसं सापडलं. काझी मॅडमनी त्याच दुपारी घरोघर निरोप धाडला, गुटीत हळद नको. गावातल्या आशा सेविका दारोदार फिरल्या. बायकांनी मान हलवली आणि आतून सहाणेचा आवाज येतच राहिला. दुकानदारानं दंड भरला आणि सांगितलं, माल दहा ठिकाणांहून पोत्यांत मिसळून येतो. भोरजाईत हळदीला पॉलिश करणारी सहा शेड होती. लोखंडी जाळीच्या ड्रममध्ये वाळलेलं हळकुंड फिरवायचं, साल घासून काढायची आणि शेवटी रंगाचं पाणी मारायचं, हे त्यांचं काम. तो रंग कशाचा, हे बघण्यासाठी ड्रम उघडावे लागणार होते. ड्रम उघडायला पाच दाढा लागणार होत्या.

त्या सहांपैकी एक शेड शिवलिंग तोडकरांचं होतं. ते गिरिजाचे वडील, आप्पा.

घरी आल्यावर तिनं कपाटातून विरूची वही काढली. विरूपाक्ष जन्मला त्या आठवड्यात तिनं ती घेतली होती, आणि एकही नोंद चुकवली नव्हती. मान धरली, पाचवा महिना. पालथा पडला, आठवा. आधाराशिवाय बसला, बारावा. पहिलं पाऊल, बावीस महिने, आप्पांच्या ओट्यावर. आप्पांनी सुताराकडून पांगुळगाडा करून घेतला होता, सागवानी, लाल चाकांचा. इतर मुलं तो तीन महिन्यांत सोडतात. विरू अडीच वर्षांचा होईपर्यंत तो ढकलत होता आणि चाकं दोनदा बदलावी लागली होती. एका पायावर उभा राहिला, सात वर्षं. चेंडू झेलला, या ओळीपुढे जागा कोरी होती.

आणि पहिल्याच पानावर, तिच्याच अक्षरात: बारावा दिवस, बारसं, आजपासून गुटी.

नवरा राजशेखर एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता. त्यानं हात धुतले, वही वाचली आणि टॉवेल पुन्हा खुंटीला लावला.

"दाढ कधी पडेल?"

"आठ-दहा दिवसांत."

"आणि आप्पा?"

"तुम्ही सांगा काय करायचं."

"मी नाही सांगणार," तो म्हणाला. "मी सांगितलं तर जन्मभर म्हणशील, तुम्ही माझ्या बापाला आत घातलं. पोरगा दोघांचा आहे. बाप तुझा आहे. तू ठरव." मग तो आत गेला आणि विरूच्या बुटाच्या नाड्या त्यानंच सोडल्या. रोजच सोडायचा. त्या दिवशी त्याला गाठ सोडायला वेळ लागला.

रविवारी ती माहेरी गेली. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आप्पा एकटेच राहत, घराला लागूनच शेड. ड्रम बंद होते. ओट्यावर, खांबाला टेकून, विरूचा पांगुळगाडा अजून उभा होता.

"बस की. चहा टाकतो."

"नको. आप्पा, रंगाच्या पाण्यात काय घालता?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. सत्तरीचा माणूस, नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या. "हळदच घालतो. आणि थोडी भुकटी. सगळेच घालतात. त्याशिवाय माल उठून दिसत नाही, व्यापारी हात लावत नाही."

"कसली भुकटी?"

"रंगाच्या दुकानात मिळते ती."

"घरच्या भाजीत कुठली हळद वापरत होता?"

उत्तर तिला माहीत होतं. स्वयंपाकघरात फळीवर एक ॲल्युमिनियमचा डबा असायचा, त्यात मळकट, सुरकुतलेली, बिनपॉलिशची हळकुंडं. लहानपणापासून तीच बघितली होती. का, हे कधी विचारलं नव्हतं.

"मग बाळंतविड्यात ती का दिलीत?"

"मी कुठं दिली?" आप्पा सावकाश म्हणाले. "तुझ्या आईनं डब्यातलीच ठेवली होती. बारशाचा दिवस होता. तुझी सासू, नणंदा, सगळ्या याच ओट्यावर बसल्या होत्या. ताट बाहेर आलं आणि तू म्हणालीस, आई, ह्या काय वाळक्या मुळ्या ठेवल्यास, हळदीच्या पेठेतलं घर आपलं, ही काय म्हणतील? उठलीस आणि शेडमधल्या पोत्यातून स्वतः निवडून आणलीस. सगळ्यात पिवळी."

ते तिला आठवलं. हातात हळकुंडं घेऊन ती शेडमधून आली होती, बाळंतपणानं पाय लटपटत होते, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, वा, सोन्यासारखी आहेत.

"तुम्ही तिथं होतात."

"दारात उभा होतो."

"एक शब्द बोलायचा होता."

"तो शब्द व्याह्यांसमोर बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी पेठेत झाला असता. आणि मला वाटलं, दोन वेढे तर घालायचे. त्यानं काय होतंय?" त्यांचा आवाज खाली गेला. "तू तीन महिने इथं होतीस. सहाण याच ओट्यावर असायची. एकदा मी ते हळकुंड काढून साधं ठेवलं. तुझ्या आईला दिसलं. म्हणाली, हे कुणी टाकलं गं इथं, आणि फेकून पुन्हा चांगलं ठेवलं. मग मी काही केलं नाही."

"आईला माहीत नव्हतं?"

"बायकांना कशाला सांगायचं धंद्यातलं?"

गिरिजा पांगुळगाड्याकडे बघत होती. "पोरगा चालत नव्हता तेव्हा तुम्ही गाडा करून आणलात."

"हो."

"चाकं बदललीत."

"गिरिजा—"

"तेव्हा कळलं होतं तुम्हाला?"

आप्पा वाकून गाड्याचं चाक पुसायला लागले. बाहेर पडताना तिनं दाढांबद्दल सगळं सांगितलं: चार झाल्यात, एक उरलीय, तारीख काय. लपवण्यासारखं त्यात काही वाटलं नाही. ते फक्त म्हणाले, "विरू शाळेतून इकडं येतो, तसा येऊ दे. त्याचं येणं बंद करू नकोस."

तिनं बंद केलं नाही. ती तिची चूक होती की दुसरं काही, हे तिला नंतरही ठरवता आलं नाही. दाढ आप्पांच्या घरी पडली आणि हरवली तर तिच्या हातून काही घडलं असं होणार नव्हतं. हा विचार तिनं पूर्ण केला नाही, पण तो आला होता.

दाढ बुधवारी, सत्तावीस तारखेला, दुपारी सव्वाचारला पडली. आप्पांचा फोन आला.

"पडली गं."

"कुठे आहे?"

"विरूच्या मुठीत. डबीत घालत नाही म्हणतोय. छपरावर टाकायची म्हणतोय, पहिल्यासारखी."

"टाकू देऊ नका. मी येते."

"मी सांगतोय त्याला," आप्पा म्हणाले, "पण तू ये."

पहिला दात विरू सात वर्षांचा असताना पडला होता, तोही इथंच. भोरजाईत दुधाचा दात कौलावर टाकतात आणि चिमणीला नवा मागतात. विरूनं अकरा वेळा फेकला. कधी तो मागे पडला, कधी पायाशी, एकदा पन्हळीला लागून परत आला. गल्लीतली पोरं मोजत होती. शेवटी आप्पांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्यानं तो हातानंच कौलावर ठेवला.

स्कूटर अंगणात शिरली तेव्हा विरू मधोमध उभा होता. आप्पा ओट्यावर होते, उठत होते, हात पुढे केलेला. "विरू, आई आली बघ, थांब—"

"आई, बघ!" विरू ओरडला. "मी सराव केलाय. रोज खडे टाकतोय!"

त्यानं डावा पाय पुढे टाकला, उजवा हात कानामागे नेला आणि फेकलं. हात, खांदा, कंबर, तिन्ही एकत्र वळले, जसे वळायला हवेत तसे. पांढरा ठिपका वर गेला, पन्हळ ओलांडून कौलांवर टक् वाजला आणि तिथंच राहिला.

मग विरू उड्या मारायला लागला, दोन्ही पायांनी एकदम, त्याला एका पायावर जमत नसे म्हणून. "एका फेकीत! आजोबा, एका फेकीत!"

"पाहिलं रे," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे गिरिजावर होते.

ती हेल्मेट घालूनच उभी होती. आजची बुधवारची संध्याकाळ, उद्याचा दिवस, मग एक मार्च. फाइल बंद झाली असती. कोणी तिला विचारलं नसतं. पोरानं दाढ छपरावर टाकली, पोरं टाकतातच. विरूचं गेलेलं परत येणार नव्हतंच. मेंदूत बसलेल्या शिशावर औषध नव्हतं आणि दहा वर्षांनंतर तर काहीच नव्हतं. सुनंदाच्या मांडीवरचं बाळ चार महिन्यांचं होतं. त्यानं मान धरली की नाही, हे त्या दिवशी विचारायचं राहून गेलं होतं.

"शिडी कुठे आहे?" तिनं विचारलं.

"शेडच्या मागे."

तिनं शिडी आणली. विरूच्या उड्या थांबल्या. "आई, काढू नकोस. काढली की नवी येत नाही."

"येते, बाळा."

"नाही येत! आजोबा, सांगा तिला!"

आप्पा ओट्यावरून उतरले. विरूला वाटलं ते आपल्या बाजूनं येतायत. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली, एक पाय तिच्या तळाशी रोवला आणि मान खाली घातली.

"चढ," ते म्हणाले. "तिसरी पायरी ढिली आहे."

कौलं तापलेली होती. दाढ दुसऱ्या ओळीत, दोन कौलांच्या खाचेत अडकली होती. ती घेऊन उतरताना तिला खाली वडिलांचं डोकं दिसत होतं, विरळ झालेलं, आणि शिडीवरची पिवळी नखं. विरू पांगुळगाड्याशेजारी बसून रडत होता.

गुरुवारी सकाळी काझी मॅडम यंत्रापाशी साक्षीदार म्हणून बसल्या, कारण नातेवाइकाची दाढ एकट्यानं वाचायची परवानगी नव्हती. पाकिटावरचं नाव त्यांनी वाचलं आणि पाकीट गिरिजाकडे दिलं. लेसर चाळीस मिनिटं चालला.

पडद्यावर दोन रेषा उमटत गेल्या. जन्माच्या रेघेपासून बेरियम चढलं आणि चढतं राहिलं. ते गिरिजाचं दूध. बाराव्या दिवसाच्या आसपास दुसरी रेषा त्याच्या खालून निघाली, महिन्याभरात त्याला गाठून वर गेली आणि दोन्ही शेजारी शेजारी चालत राहिल्या, आठवड्यामागून आठवडा, वाढदिवसापर्यंत. पहिल्या चार दाढांत शिसं होतं त्याच्या दुप्पट इथं होतं. एका ठिकाणी, दहाव्या आठवड्याला, ते एकाच टिंबापुरतं खाली आलं होतं आणि पुढच्या टिंबाला परत चढलं होतं.

"हे काय असेल?" काझींनी बोट ठेवलं. "एवढं मधेच?"

"त्या आठवड्यात कोणीतरी हळकुंड बदललं होतं," गिरिजा म्हणाली.

दहा वाजून पाच मिनिटांनी यंत्रावरचा दिवा हिरवा झाला, पाचवी दाढ जुळली. काझी मॅडमनी अर्ज पुढे सरकवला. पदार्थ कोणता, या ओळीवर गिरिजानं हळकुंड लिहिलं. कुठून आला: तोडकर पॉलिश शेड, भोरजाई. मुलाला कोणी दिला, ही ओळ शेवटची होती.

"ती रिकामी ठेवली तरी चालते," काझी म्हणाल्या. "त्यावर कारवाई होऊ शकते, गिरिजा. आईवरही."

गिरिजानं आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.

सहा शेड शुक्रवारी उघडली गेली. पाच ठिकाणी ड्रम आदल्या रात्री धुतलेले सापडले. सहाव्या ठिकाणी शिवलिंग तोडकर दारात खुर्ची टाकून बसले होते. ड्रमचं झाकण त्यांनी स्वतः काढून ठेवलं होतं, आत पिवळा थर तसाच होता, आणि भुकटीचं पोतं त्यांनी ओट्यावर आणून ठेवलं होतं. त्यांना गाडीत बसवलं तेव्हा त्यांनी पंचनामा करणाऱ्याला एकच गोष्ट विचारली, तो लाकडी गाडा जप्तीत नाही ना.

विरू तीन दिवस आईशी बोलला नाही. चौथ्या दिवशी त्यानं आरशासमोर तोंडात बोट घालून हिरडी दाबून बघितली आणि सांगितलं, काही येत नाहीये.

रविवारी गिरिजानं वही काढली. चेंडू झेलला, ही जागा तिनं तशीच कोरी ठेवली. तिच्याखाली लिहिलं: खांद्यावरून नेम धरून फेकलं, पहिल्या फेकीत, उंची अंदाजे बारा फूट. वय दहा वर्षं दोन महिने. शेवटच्या रकान्यात, जिथे मुलांना ते साधारण जमतं ते छापील तक्त्यातलं वय उतरवायचं असतं, तिनं सहा लिहिलं. आणि नोंद करणाऱ्याच्या नावाखाली, कोण कोण हजर होतं त्या ओळीत, आधी स्वतःचं नाव लिहून मग आप्पांचं लिहिलं.